कुठंतरी पाणी मुरतंय: काजळीत लपलेल्या एका लाल ताऱ्याचं प्रकरण

सीडब्ल्यू लिओनिस नावाचा एक तारा आहे, जुन्या कॅटलॉगमधलं नाव आयआरसी +१०२१६, आणि या विषयातली माणसं बहुतेक वेळा हे जुनं नावच घेतात. रसायनशास्त्राच्या हिशोबाने या ताऱ्याभोवती पाण्याची वाफ औषधालाही सापडायला नको. २००१ मध्ये ती सापडली, आणि थोडीथोडकी नाही तर अपेक्षेच्या दहा हजार पट. मग हे पाणी आलं कुठून यावर पुढची नऊदहा वर्षं जो खल झाला तेच हे प्रकरण. मला ते आवडतं कारण पाण्याचा माग काढता काढता सगळे शेवटी येऊन पोचले ते धुळीपाशी, आणि धुळीबद्दल सोय म्हणून गृहीत धरलेली एक साधी गोष्ट तिथे उघडी पडली.

आधी तारा कोण ते बघू.

सिंह राशीत मघेच्या पश्चिमेला पाचेक अंशांवर हा आहे, आपल्यापासून साधारण चारशे प्रकाशवर्षं, म्हणजे आकाशगंगेच्या मापात अगदी शेजारी. पण डोळ्यांनी शोधायला गेलात तर काही दिसणार नाही, छोट्या टेलिस्कोपमधूनही निराशाच. १९६० च्या दशकात माउंट विल्सनवर गेरी नॉयगेबाउअर आणि रॉबर्ट लेटन यांनी २.२ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात आकाशाची पाहणी केली, तेव्हा हा पहिल्यांदा नजरेत भरला. त्या पाहणीचा ६२ इंची आरसा लेटननी स्वतः बनवला होता, पातळ इपॉक्सी ओतून भांडं सावकाश फिरवत ठेवायचं, फिरताना त्याचा पृष्ठभाग आपोआप खोलगट होतो आणि तसाच घट्ट होतो. काचेच्या आरशासारखं अचूक काम नाही, पण त्या कामाला पुरेसं होतं. १९६९ मध्ये साडेपाच हजारांवर स्रोतांचा कॅटलॉग आला, आणि त्यातल्या +१० अंशांच्या पट्ट्यातला २१६ वा तो हा. ५ मायक्रॉनवर बघितलं तर सूर्यमालेच्या बाहेरची, तोपर्यंत माहीत असलेली सगळ्यात तेजस्वी वस्तू. म्हणजे डोळ्यांना जवळजवळ अदृश्य, आणि त्या अवरक्त लहरीवर सूर्यमालेबाहेर पहिला नंबर.

कारण सरळ आहे. आत सूर्याच्या दहाएक हजार पट उजेड टाकणारा लाल राक्षसी तारा आहे, सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षा गिळून बाहेर येईल एवढा फुगलेला, आणि त्याच्याभोवती इतकी दाट काजळी आहे की दृश्य प्रकाश तिच्यात मुरून जातो. काजळी तापते आणि तोच उजेड अवरक्त म्हणून बाहेर टाकते. आपण जे बघतो ते बरंचसं धुळीचं तापणं आहे, तारा आत कुठेतरी.

हा रूपविकारी आहे, मिरा प्रकारचा. साधारण ६३० ते ६४० दिवसांत एकदा फुगतो-आक्रसतो, पावणेदोन वर्षांचा एक श्वास म्हणा. प्रत्येक श्वासागणिक वातावरणात धक्का-लाट जाते, वायू वर उचलला जातो, वर थंड होतो, थंड झाला की धुळीचे कण धरतात, मग ताऱ्याचा उजेड त्या कणांना बाहेर ढकलतो आणि कण आपल्यासोबत वायूला ओढत नेतात. असा हा वारा सेकंदाला सुमारे १४.५ किलोमीटर वेगाने बाहेर वाहतोय. दर वर्षी सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण ५०,००० वा हिस्सा उडून जातो. आकडा लहान वाटतो, पण गॅलेक्स उपग्रहाच्या अतिनील चित्रात या ताऱ्याच्या पुढ्यात, वारा आणि ताऱ्यांमधला वायू एकमेकांवर आदळतात तिथली कमान दिसली आणि त्यावरून हिशोब निघाला की हे किमान ६९,००० वर्षं चाललंय. गुणाकार केला तर सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान आधीच उडालेलं आहे, आणि तारा अजून उभा आहे.

(कार्बन तारा डोळ्यांनीच बघायचा असेल तर याच्या मागे लागू नका. मृगाच्या खाली शशक तारकासमूहात आर लेपोरिस आहे, १८४५ मध्ये जॉन रसेल हिंदने टिपलेला, रक्ताच्या थेंबासारखा लाल. उजळ असेल तेव्हा दुर्बिणीत छान दिसतो.)

आता हिशोब.

कार्बन तारा म्हणजे ज्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनपेक्षा कार्बनचे अणू जास्त आहेत असा तारा. जन्मतः तसं नसतं, आपल्या सूर्यात ऑक्सिजन जास्त आहे. पण म्हातारपणी ताऱ्याच्या पोटात हेलियमचा जो थर जळतो त्यात कार्बन तयार होतो, आणि थोड्याथोड्या हजारो वर्षांनी जी उलथापालथ होते तिच्यात तो ढवळून वर येतो. एकदा का कार्बनचं पारडं जड झालं की ताऱ्याचं सगळं रसायनच पालटतं, आणि याला जबाबदार एकच रेणू, कार्बन मोनॉक्साइड. कार्बन आणि ऑक्सिजन यांची ही जोडी इतकी घट्ट असते, तोडायला ११ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर ऊर्जा लागते, की ताऱ्याच्या वातावरणात दोघं भेटले की आधी हीच जोडी जमते. ज्याची संख्या कमी तो पूर्ण संपतो. ज्याची जास्त तो उरतो, आणि पुढचं सगळं रसायन या उरलेल्याच्या जिवावर चालतं. ऑक्सिजन उरला तर पाणी, सिलिकेटची धूळ, वगैरे. कार्बन उरला तर ॲसिटिलीन, हायड्रोजन सायनाइड, लांबलांब कार्बनच्या साखळ्या, काजळी, सिलिकॉन कार्बाइड. सीडब्ल्यू लिओनिसभोवती आतापर्यंत ऐंशीपेक्षा जास्त प्रकारचे रेणू सापडलेत आणि ती यादी वाचली तर बहुतेक सगळीकडे कार्बनच कार्बन. ११.३ मायक्रॉनला सिलिकॉन कार्बाइडची खूणही दिसते.

म्हणजे ताळेबंद असा: ऑक्सिजनची शिल्लक शून्य, सगळा कार्बन मोनॉक्साइडच्या तिजोरीत, थोडा सिलिकॉन मोनॉक्साइडमध्ये. पाणी करायला हातात काही नाही.

आणि मग २००१.

स्वास नावाचा नासाचा छोटा उपग्रह डिसेंबर १९९८ मध्ये वर गेला होता. पाण्याची जी रेषा (पाण्याचा रेणू ज्या ठरावीक लहरींवर चमकतो त्यांतली एक) त्याला बघायची होती ती ५५७ गिगाहर्ट्झला येते, आणि जमिनीवरून ती बघणं अशक्य कारण आपल्याच हवेतलं पाणी ती गिळून टाकतं. म्हणून उपग्रह. गॅरी मेलनिक, डेव्हिड न्यूफेल्ड आणि सहकाऱ्यांनी तो या ताऱ्याकडे वळवला, तेही अंधारात तीर म्हणून नाही. १९९० मध्ये ॲलन स्टर्न आणि दोन सहकाऱ्यांनी मांडलं होतं की सूर्यासारख्या ताऱ्याभोवती धूमकेतूंचा साठा असेल तर म्हातारपणी तारा जेव्हा हजारो पट तेजस्वी होतो तेव्हा तो साठा उकळून वाफ व्हायला पाहिजे, आणि ती वाफ दिसायला पाहिजे. ती शोधायची तर कुठे शोधाल? जिथे पाणी एरवी असूच शकत नाही तिथे. कार्बन तारा त्यासाठी एकदम आदर्श, कोरी पाटी. पाणी दिसलं तर ते बाहेरचंच.

आणि दिसलं! जुलै २००१ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात पेपर आला. गणित असं की ताऱ्याचं तेज दहा हजार पट वाढलं तर बर्फ टिकायची हद्द शंभर पट लांब सरकते, म्हणजे सूर्यमालेत जी हद्द मंगळ-गुरूच्या मधे आहे ती तिकडे पृथ्वी-सूर्य अंतराच्या शेकडो पटींवर जाते, आपल्या नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्यासारखं काही तिथे असेल तर ते सगळं आत्ता वितळत असणार. शेकडो अब्ज धूमकेतू एकदम उकळतायत असं चित्र. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती आपल्यासारखा बर्फाचा साठा होता, म्हणजे कदाचित ग्रहही होते, म्हणजे आपल्या सूर्याचं पुढे काय होणार त्याचा हा ट्रेलरच. बातमी म्हणून यापेक्षा भारी काय असणार. मी तेव्हा ती वाचून अक्षरशः वेडा झालो होतो आणि नंतर बरीच वर्षं धूमकेतूवाल्यांच्याच बाजूने बोलायचो, हे आधीच कबूल करतो.

आणि पुढची दोनतीन वर्षं तर त्या बाजूला पुरावेही मिळत गेले. २००३ मध्ये अरेसिबोच्या मोठ्या रेडिओ टेलिस्कोपने हायड्रॉक्सिल पकडलं, जे पाणी अतिनील किरणांनी फुटलं की तयार होतं. २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइड मिळालं, तेही आपल्याकडच्या धूमकेतूंत असतं. २००६ मध्ये स्वीडनच्या ओडिन उपग्रहाने पाण्याची तीच रेषा पुन्हा बघून सिग्नल खरा आहे यावर शिक्का मारला.

पण नीट बघितलं तर या सगळ्यात एक भोक होतं, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे. पाण्याची रेषा एकच होती. ५५७ गिगाहर्ट्झची रेषा ही पाण्याच्या रेणूची सगळ्यात खालच्या पायरीवरची हालचाल, ती चालू व्हायला ६० केल्विन (उणे २१३ सेल्सिअस) तापमानाएवढी किरकोळ ऊर्जा पुरते. म्हणजे ती थंड पाण्यातूनही येते आणि गरम पाण्यातूनही येते, पाणी आहे एवढं ती सांगते, पाणी कुठे आहे ते सांगत नाही. त्यात स्वासची नजर आकाशात तीनचार कलामिनिटांची (एका अंशाचे साठ भाग म्हणजे कलामिनिटं, त्या प्रत्येकाचे साठ भाग म्हणजे कलासेकंद), एवढ्या अंतरावर त्याचा अर्थ पृथ्वी-सूर्य अंतराच्या तीसएक हजार पट रुंदीचा टप्पा एकाच बादलीत. त्या बादलीत पाणी ताऱ्याला चिकटून आहे की कडेला, काय कळणार? धूमकेतूंचं अंतर रेषेतून मोजलेलं नव्हतं, ते कल्पनेतून आलं होतं. कल्पना सुंदर होती म्हणून ते कुणाला फारसं खटकलं नाही, मला तर मुळीच नाही.

शंका घेणारे होते. २००४ मध्ये एक विचार आला की धुळीतल्या लोखंडाच्या कणांवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांची अभिक्रिया होऊन पाणी बनत असेल, कारखान्यांत फिशर-ट्रॉप्श म्हणून जी पद्धत वापरतात तीच. २००६ मध्ये दुसरा विचार, की वाऱ्याच्या बाहेरच्या कडेला, जिथे अतिनील किरणांनी रेणू फुटतातच, तिथे सुटलेला ऑक्सिजन हायड्रोजन रेणूला थेट चिकटत असेल. २००७ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली जिच्याकडे आधी कमी लक्ष गेलं होतं: पाण्याचे रेणू ताऱ्याचा ६ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश गिळून वरच्या पायऱ्यांवर जातात आणि तिथून खाली येताना चमकतात, त्यामुळे तेवढ्याच सिग्नलला पाणी कमी लागतं. हिशोब सैल होत चालला होता, पण एका रेषेवर कुणालाच कुणाला हरवता येत नव्हतं.

इथे संशयितांना वेगळं करायचा एकच मार्ग होता, तापमान. धूमकेतू असतील तर पाणी पृथ्वी-सूर्य अंतराच्या शेकडो पट लांब, थंड. बाहेरच्या कडेचं रसायन असेल तर आणखी लांब, आणखी थंड. लोखंडाचे कण असतील तर कुठेतरी मधे. आणि पाणी ताऱ्याजवळच बनत असेल तर ते गरम असणार, शेकडो केल्विन. गरम पाणी वरच्या पायऱ्यांवरच्या रेषा देतं आणि थंड पाणी देत नाही, इतकं साधं. फक्त त्या रेषा बघू शकेल असं यंत्र नव्हतं.

ते १४ मे २००९ ला उडालं. हर्शेल, ३.५ मीटरचा आरसा, तेव्हापर्यंत अवकाशात गेलेला सगळ्यात मोठा. त्यावरच्या पॅक्स आणि स्पायर या दोन यंत्रांनी मिळून साधारण ५५ ते ६७० मायक्रॉनचा अख्खा पट्टा या ताऱ्यासाठी उलगडला, आणि जिथे आधी पाण्याची एक रेषा होती तिथे साठएक रेषा उभ्या राहिल्या. त्यांतल्या काही अशा की ज्या चालू व्हायला हजार केल्विनच्या आसपास तापमान लागतं. लेवेन विद्यापीठाच्या लीन डेसिन आणि सहकाऱ्यांचा पेपर सप्टेंबर २०१० मध्ये नेचरमध्ये आला.

हजार केल्विन म्हणजे जिथे धूळ नुकतीच धरतेय तो भाग, ताऱ्याच्या अंगणात. तिथे कुठलाही धूमकेतू टिकणं शक्य नाही, केव्हाच खलास झाला असता, आणि तिथून वारा सतत बाहेर वाहतोय म्हणजे आत रोज नवं पाणी बनायलाच पाहिजे, बाहेरून आणून ठेवून भागणार नाही. धूमकेतूंची केस इथे संपली. पाणी गरम आहे हे कळल्यावर फार वाद घालायला जागाच राहिली नाही.

पण मूळ प्रश्न आता जास्त अवघड झाला. ताऱ्याच्या इतक्या जवळ ऑक्सिजन सुटतो कसा? तिजोरी फोडायला अतिनील किरण लागतात. तारा स्वतः दोनअडीच हजार केल्विनचा, त्याच्याकडे तसले किरण नाहीत. ते बाहेरून, आजूबाजूच्या ताऱ्यांकडून येतात. आणि बाहेर तर काजळीची भिंत, जी दृश्य प्रकाशसुद्धा बाहेर सोडत नाही ती अतिनील आत कशी सोडेल. गुळगुळीत भिंतीचं मॉडेल सांगायचं की हे किरण वाऱ्याच्या फक्त बाहेरच्या सालीपर्यंत पोचतात, आणि ते चुकीचंही नव्हतं कारण सायनोजेन आणि इथिनिल हे किरणांनी फुटून बनणारे रेणू खरंच ताऱ्यापासून पंधराएक कलासेकंदांवर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या दोनएक हजार पट लांब, कड्यासारखे दिसतात.

तर ती गृहीत धरलेली गोष्ट ही: भिंत गुळगुळीत आहे. सगळी मॉडेल्स ताऱ्याभोवती सगळीकडे सारखी, कांद्यासारखी एकावर एक पापुद्रे असलेली धूळ धरून चालायची. कुणाचा तसा ठाम विश्वास होता असं नाही, गणित सोपं जातं एवढंच कारण. आणि मजा म्हणजे याच्या उलटा पुरावा टेबलावर बारा वर्षं पडून होता.

१९९८ मध्ये गेर्ड वायगेल्ट आणि सहकाऱ्यांनी रशियातल्या ६ मीटर टेलिस्कोपने, हवेचा थरथराट गणिताने काढून टाकायची जी स्पेकल पद्धत आहे ती वापरून, या ताऱ्याच्या एकदम मधला भाग टिपला. एका कलासेकंदाच्या तेराव्या-चौदाव्या हिश्श्याएवढी बारीक नजर. तिथे तारा नव्हता, गोल चकतीही नव्हती, धुळीचे वेगवेगळे गोळे होते, पाचसहा, आणि पुढच्या वर्षांत ते एकमेकांपासून लांब सरकताना आणि त्यांचं तेज बदलताना दिसले. हवाईच्या केक टेलिस्कोपनेही २००० च्या सुमारास तेच दाखवलं. १९९९ मध्ये हवाईच्या दुसऱ्या एका टेलिस्कोपवरून खूप वेळ उघडं ठेवून घेतलेल्या चित्रात बाहेर लांबवर अर्धवट कवचांवर कवचं दिसली, पूर्ण वर्तुळं नाहीत, तुटक कमानी, एकमेकांपासून ५ ते २० कलासेकंद. वाऱ्याचा वेग माहीत आहे, अंतर माहीत आहे, तर एक कलासेकंद चालायला धुळीला साधारण ४० ते ४५ वर्षं लागतात, म्हणजे या कमानी २०० ते ८०० वर्षांच्या अंतराने सुटलेल्या. ताऱ्याचा श्वास पावणेदोन वर्षांचा आणि कमानी शेकडो वर्षांच्या, हे जुळत नाही, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

थोडक्यात धूळ फाटकी आहे हे चित्र बघणाऱ्या मंडळींना चांगलं माहीत होतं. रसायनाचं गणित करणाऱ्यांनाही माहीत असणार, पण ते गणितात आलेलं नव्हतं. मी यात कुणाला दोष देत नाही, गोळ्यागोळ्यांच्या धुळीतून प्रकाश कसा झिरपतो हे मोजणं खरंच किचकट आहे. पण चित्रवाले एका खोलीत आणि रेणूवाले दुसऱ्या खोलीत, असं काहीसं झालं होतं हे नक्की.

२०१० मध्ये दोन्ही खोल्यांमधलं दार उघडलं. डेसिन यांच्या पेपरमध्ये आणि त्याच वर्षीच्या मार्सेलिनो अगुंदेस आणि सहकाऱ्यांच्या पेपरमध्ये कल्पना तीच: भिंत नाही, चाळणी आहे. दाट गोळ्यांमधून किरण जात नाहीत पण गोळ्यांच्या मधल्या फटींतून थेट आत घुसतात, पार ताऱ्याच्या जवळपर्यंत. तिथे ते ऑक्सिजनच्या तिजोऱ्या फोडतात. त्यातही एक बारकावा आहे जो मला फार आवडतो. साधा कार्बन मोनॉक्साइड इतका भरपूर असतो की त्याचे बाहेरचे रेणू आतल्यांसाठी सावली धरतात, आपल्याला फोडणारे नेमके किरण स्वतःच गिळून. पण कार्बन-१३ चा, म्हणजे कार्बनच्या किंचित जड प्रकाराचा, कार्बन मोनॉक्साइड त्याच्या कितीतरी पट कमी, त्याला ही सावली नीट मिळत नाही आणि त्याच्या रेषा किंचित सरकलेल्या असल्याने साध्याची सावली त्याच्या कामाची नाही. तो फुटतो. सिलिकॉन मोनॉक्साइड फुटतो. सुटलेला ऑक्सिजन तिथल्या गरम हायड्रोजनशी दोन पायऱ्यांत जुळतो, आधी हायड्रॉक्सिल, मग पाणी. थंडीत या पायऱ्या चढवत नाहीत, गरमीत पटकन होतात, म्हणून पाणी आतच बनतं. अख्खी तिजोरी लुटायची गरज नाही, थोडी चिल्लर सांडली तरी साठ रेषा उभ्या राहतात.

आणि हे खरं असेल तर फक्त पाणी नाही, इतर काही रेणूही हिशोबापेक्षा जास्त दिसायला हवेत. अमोनिया तसा होता, वर्षानुवर्षं मॉडेलपेक्षा कितीतरी जास्त मिळायचा आणि कुणाला पत्ता लागत नव्हता. फटीतून आलेल्या किरणांनी नायट्रोजन सुटतो आणि अमोनिया बनतो, एका किल्लीने दोन कुलपं. मला स्वतःला पाण्यापेक्षा या अमोनियाने जास्त पटवलं, कारण अमोनिया काही हा सिद्धांत रचताना समोर ठेवलेला मुख्य प्रश्न नव्हता.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट झाली. हर्शेलवरच्याच तिसऱ्या यंत्राने आणखी आठ कार्बन तारे तपासले गेले, व्ही सिग्नी, व्ही हायड्री, वाय कॅनम व्हेनॅटिकोरम वगैरे. आठपैकी आठांत पाणी. धूमकेतूंची गोष्ट एका ताऱ्यापुरती पटू शकते, पण प्रत्येक ताऱ्याभोवती एवढा मोठा बर्फाचा साठा, तोही नेमका आत्ताच उकळणारा, आणि प्रत्येकाची रेषा, धूमकेतूंचा पट्टा कसाही कललेला असला तरी, वाऱ्याच्याच वेगाला साजेशी? २०११ च्या या पेपरचे पहिले लेखक होते डेव्हिड न्यूफेल्ड. म्हणजे ज्या माणसांनी २००१ मध्ये धूमकेतूंची कल्पना मांडली त्यांनीच दहा वर्षांनी तिच्यावर माती टाकली. ही गोष्ट बातम्यांत माझ्या तरी पाहण्यात आली नाही, यायला हवी होती असं मला वाटतं.

फटी आहेत याचा एकदम डोळ्यांना दिसणारा पुरावा मात्र उलट्या दिशेने मिळाला. हबलने हा तारा १९९८ आणि २००१ मध्ये बघितला होता तेव्हा दोन बाजूंना दोन फुगे असल्यासारखा आकार दिसायचा. २०११ मध्ये पुन्हा बघितलं तर तो आकार पार बदललेला, दहा वर्षांत, आणि ताऱ्यांच्या बाबतीत दहा वर्षं म्हणजे काहीच नाही. नंतर २०१६ च्या निरीक्षणांसोबत जे चित्र तयार झालं त्यात मधून बाहेर प्रकाशाचे झोत निघालेले दिसतात, कंदिलाच्या काजळलेल्या काचेवर कुठे कुठे बोट फिरवलं की तेवढ्याच रेघांतून उजेड बाहेर पडावा तसे. जिथून आतला उजेड बाहेर येतो तिथून बाहेरचा अतिनील आत जाऊ शकतो. आणि झोत बदलतात म्हणजे फटीही बदलतात, आज इथे उघडी, काही वर्षांनी तिथे. हे चित्र मिळालं तर जरूर बघा, मी ते मोठं करून कितीतरी वेळ नुसतं बघत बसलो होतो.

आता न जुळणाऱ्या गोष्टी, कारण त्याही आहेत.

पहिली म्हणजे फटीवाल्यांना प्रतिस्पर्धी आहे. २०११ मध्ये इसाबेल शेर्शनेफ यांनी दाखवलं की ताऱ्याच्या श्वासागणिक जी धक्का-लाट जाते तीच पृष्ठभागाजवळ कार्बन मोनॉक्साइड फोडू शकते, आणि लाट गेल्यावर थंड होता होता काही ऑक्सिजन पाण्यात जातो. अतिनीलची गरजच नाही, रूपविकारीपणा पुरेसा आहे. मला हा युक्तिवाद कमी चमकदार पण जास्त चिवट वाटतो, कारण हा तारा धडधडतो हे तर १०० टक्के खरं आहे, त्यासाठी फटींची मापं मोजत बसावं लागत नाही. गरम पाणी दोघांनाही चालतं, त्यामुळे तापमानाची जी कसोटी धूमकेतूंना बाद करून गेली ती या दोघांत निकाल देत नाही. २०१६ मध्ये अठरा कार्बन ताऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात असं दिसलं की ज्याचा वारा जितका दाट तितकं त्याच्यात पाण्याचं प्रमाण कमी. दाट वाऱ्यात किरण कमी घुसतात म्हणून फटीवाले खूश, पण लेखकांनी धक्का-लाटांनाही बाद केलं नाही, जवळच्या भागात त्या आणि थोडं बाहेर किरण, असं दोन्ही मिळून चालत असावं हा साधारण सूर.

दुसरी, सोबती. कवचांची ती शेकडो वर्षांची अंतरं आणि आल्मा टेलिस्कोपने पकडलेला सर्पिलासारखा पसारा बघता सीडब्ल्यू लिओनिसला जोडीदार तारा असावा असा संशय बराच आहे. आणि जोडीदार असला आणि तो पुरेसा गरम असला तर अतिनील किरण बाहेरून यायची गरजच काय, ते आतच तयार होतायत, फक्त काजळीच्या आतल्या बाजूने. २०२२ मध्ये आल्मावर सायनोॲसिटिलीन या रेणूचं निरीक्षण झालं, त्यात हा रेणू ताऱ्याच्या जवळ ज्या प्रकारे पसरलेला दिसला तो नुसत्या बाहेरच्या किरणांनी समजावता येईना, आतच अतिनीलचा स्रोत धरला तर बरा जुळला. तसं असेल तर पाण्याचा हिशोबही पुन्हा मांडावा लागेल. फटी लागतीलच, पण आतल्या दिव्यासाठी, आणि किती मोठ्या लागतात ते आकडे पार बदलतील. जोडीदार प्रत्यक्ष कुणी ठळक दाखवलेला नाही, हबलच्या एका चित्रात त्याच्यासारखा एक ठिपका होता खरा, पण तो धुळीचा गोळा नाही कशावरून, या ताऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न प्रत्येक ठिपक्याला विचारावाच लागतो.